कबड्डीची मुराळी

लग्नात सगळे जण नवरीचं तोंड पाहतात. गुंफामावशी नवरीचे घोटे पाहायची.

अक्षता पडल्या, नवरी वाकून पाया पडत आली, की मावशी तिच्या डोक्यावर हात ठेवणार, तोंडानं आशीर्वाद देणार आणि नजर खाली सोडणार. मग शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणणार, "घोटा पाह्य नं तिचा. कशी रोवून उभी हाय. अशी सून आपल्या गावात आली असती तं उजव्या कोपऱ्याची चिंता मिटली असती." शेजारची बाई परगावची असली तर नुसती पाहत राहायची. आम्ही रिठदच्या बाया मात्र पदर तोंडाला लावायचो. लग्नसराई लागली, मावशीची भरती सुरू झाली, हे आम्हाला पाठ होतं.

गुंफामावशी म्हणजे आमच्या रिठदच्या पोरीबायांच्या कबड्डी संघाची मालकीण. कोच म्हटलेलं तिला खपायचं नाही. "कोच शहरात असते," म्हणायची, "मी पोरी सांभाळते." बसकी, रुंद खांद्यांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की पाटावरून हाक मारली तर रस्त्यावरची बस थांबायची. गळ्यात काळ्या मण्यांच्या शेजारी एक शिट्टी. ती शिट्टी शाळेतल्या सरांची. सरांनी पोरींचा संघ उभा केला आणि त्यांची बदली झाली. निघताना ते फळ्याजवळ उभं राहून विचारत होते, आता हे कोण पाहणार? मावशी तेव्हा शाळेत खिचडीसाठी भाजी द्यायला आली होती. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "द्या इकडं ते."

ती स्वतः किती खेळली होती? लग्नाआधी, भावांबरोबर, परकर खोचून. मोठी झाली तसा आईनं खेळ बंद केला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही वांगी तोडता तोडता, माझ्याकडे न पाहता. मग तिनं दुसरा विषय काढला.

आता पुरुषांच्या संघाचं काय असतं, की पोरगा लग्न झालं तरी त्याच गावात राहतो, त्याच मैदानावर येतो. पोरींच्या संघाला दरवर्षी उन्हाळा लागतो. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की आमचा खेळ सुरू. होळीपर्यंत चालायचा. आणि होळी झाली की मांडव पडायला सुरुवात. वर्षभर पडून झडून तयार झालेली पोरगी हळद लावून कुठल्या तरी गावाला निघून जायची, आणि तिच्यासोबत आमची चढाईही जायची. सारं गाव वरातीत नाचायचं आणि मावशी चेहरा पाडून जेवायची.

तिचं मागणं एकच होतं. दिवाळीनंतर मैदानात सात जणी उभ्या राहिल्या पाहिजेत. जिंकणं, हरणं, ढाल, हार, सगळं मागून. "एकदा संघ सहावर आला नं," ती म्हणायची, "का मंग पाचावर येते. आनि मंग लोक म्हनते, होता बाप्पा आपल्या गावात एक पोरींचा संघ. होता म्हनू नाई द्याचं मले." हे 'होता' तिच्या जिवाला फार लागायचं. सारा उन्हाळा ती त्याच्याशी भांडायची.

मैदान तिच्या मळ्यातच होतं. विहीर आणि वांग्याचं वावर यांच्यामध्ये एक पट्टा तिनं मोकळा सोडला होता. संध्याकाळी ती त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायची, माती मऊ करायची, खडे वेचायची. तिचे यजमान रामकृष्णबाप्पा फार कमी बोलायचे. पण दरवर्षी पेरणीच्या वेळी त्या पट्ट्याकडं पाहून एक वाक्य ठरलेलं, "यात गोबी लय चांगली झाली असती." मावशी म्हणायची, "हाव, झाली असती." की विषय संपला.

बारक्या पोरींच्या गटाला तिनं नाव ठेवलं होतं 'वाफा'. मिरचीची, वांग्याची रोपं जशी आधी वाफ्यात, तशा या. शाळेतून सुटल्या की यायच्या, फ्रॉकखाली भावाची हाफपँट घालून. कोणती रोपं कधी उपटून मोठ्या संघात लावायची, याचा निर्णय फक्त मावशीचा. एखाद्या पोरीची आई हट्ट धरून बसली की माह्या पोरीले मोठ्यायमंधी घे, तर मावशी म्हणायची, "मूळ धरू दे व अजून. आत्ता उपटली तं दोन्हीकडून जाईन." आणि जी तयार झाली तिला सांगायचीही नाही. एक दिवस नुसतं म्हणायची, "तू आज तिकडं उभी राह्य." ती पोरगी त्या रात्री झोपायची नाही. मी झोपले नव्हते.

आता पारख कशी करायची? इथं मावशीचं सगळ्यांहून उलटं होतं. चढाईला गेलेल्या पोरीकडं ती फारसं पाहायचीच नाही. "चढाईवाली सगळ्याइले दिसते," म्हणायची. "बाद झालेली पाह्य." कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर ओळीत बसतो, आपल्या संघानं कोणाला मारलं की परत आत येतो. मावशीचा सगळा डोळा त्या बसलेल्यांवर. कोणी बाहेर बसून वेणी सोडते आणि बांधते. कोणी मैत्रिणीला सांगते, पंचानं चुकीचं दिलं. कोणी पाणी पिते. आणि एखादी असते जी बाहेर बसूनही आतच असते, डावाबरोबर तिचे खांदे हलतात. "ते आपली," मावशी म्हणायची. "बाकीच्या बी खेळतीन. पन ते आपली."

माझ्याबद्दल तिनं काय निकाल दिला होता तो सांगते, लाजण्यासारखं काही नाही त्यात. मला चढाईची हौस. टीव्हीवरची कबड्डी पाहून पाहून मी मांडीवर थाप मारायला शिकले होते. मावशीनं मला मध्यरेषेवरून परत बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुह्यात हिंमत नाई व. थाप लय मोठी, पाय लय मागं." मी रडले. माझं रडून होईपर्यंत ती थांबली, मग माझी मनगटं हातात घेऊन म्हणाली, "पन तू एकदा धरलं का सोडत नाई. मी पाह्यलं हाय. डाव्या कोपऱ्यात उभी राह्य. येनारी येईन, तू फक्त घोटा धर." मी आजपर्यंत डाव्या कोपऱ्यातच उभी आहे. मी काय नाही ते मला फार जणांनी सांगितलं. काय आहे ते पहिल्यांदा तिनं सांगितलं, आणि याचे उपकार मी कुठं फेडू, मला समजत नाही.

गुणच गुण होते असं नाही हं. हेकट होती, भांडखोर होती, आणि संघासाठी बेलाशक खोटं बोलायची. आमच्या रेखाच्या लग्नाची तारीख नेमकी वाशीमच्या सामन्यावर आली, तर मावशीनं मुलाकडच्यांना जाऊन गंभीर तोंडानं सांगितलं, की त्या दिवशी गावात पाण्याचा टँकरच यायचा नाही, वऱ्हाड तहानलेलं राहील. लग्न पुढं गेलं. रेखा सामना खेळली. आणि लग्नाच्या दिवशी टँकर खरोखरच आला नाही. मावशीनं तिच्या विहिरीवरून सगळ्या वऱ्हाडाला पाणी पुरवलं आणि तीन दिवस कंबर धरून बसली. "देवानं चांगलंच उट्टं काढलं माह्यं," म्हणे.

माझं लग्न ठरलं ते इंझोरीला. रिठदहून वाशीम, वाशीमहून पुढं दुसरी बस, असा तो अर्ध्या दिवसाचा रस्ता. बोलणीच्या दिवशी आमच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. एकीकडं पाहुणे, एकीकडं आमचे भाऊबंद. बाया आतल्या दाराशी. मावशी मात्र सरळ पुरुषांच्या सतरंजीवर मांडी घालून बसली. मांडव कोणी घालायचा, मानपान कोणाचा, वऱ्हाड किती आणायचं, सगळं ठरलं. मुलाचे मोठे मामा म्हणाले, "मंग, अजून काही राह्यलं का?"

"एक राह्यलं," मावशी म्हणाली. "संक्रांतीले पोरगी माहेरी येईन."

"येईन नं मावशी. पहिली संक्रांत हाय, येईनच."

"पहिली नाई. दरसाल."

"दरसाल कायले?"

"खेळाले."

माझ्या बाबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी दाराआड होते, माझे कान तापले.

मामा म्हणाले, "लग्न झालेली बाई कबड्डी खेळंन? लोक काय म्हनतीन?"

"येतीन नं लोक पाह्यले," मावशी म्हणाली, "तवा तेइलेच विचारजा."

"आमच्या घरात असं कधी झालं नाई."

"मंग आता होईन. कुठून तरी सुरू कराच लागते नं भाऊ."

माझ्या काकांनी मावशीला डोळ्यानं खुणावलं, बाई, आवर. ती आवरणारी होती थोडीच. मामांचा हात चपलेकडं वळायला लागला, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला मुलगा बोलला. तोपर्यंत त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. म्हणाला, "येईन न ते. मी आनून सोडत जाईन."

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाफ्यातल्या पोरीला पाहायची अगदी तसं. मग बाबांकडं वळून म्हणाली, "पोरगा चांगला हाय. जमवा."

ते बोलणं पाळलं जाईल याच्यावर मात्र तिचा भरवसा नव्हता. म्हणून ती मुराळी व्हायची. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, भाऊ असतो बहुतेक, नाहीतर चुलता. आमच्या संघात मुराळी गुंफामावशी. संक्रांत जवळ आली की पिशवीत वांगी, मेथी, हिरव्या मिरच्या भरायची आणि गावोगाव एसटीनं फिरायची. माझ्या पहिल्या संक्रांतीला ती आमच्या इंझोरीच्या दारात उभी. सासूबाई जरा आढेवेढे घेत होत्या, घरात पाहुणे येणार, काम पडलं. मावशीनं पदर खोचला, पिशवीतली मेथी निवडायला बसली, भाकरी थापल्या, भांडी घासली, आणि सासूबाईंना म्हणाली, "तुमचं काम झालं असंन तं आता माह्यं काम करू द्या." सासूबाई हसल्या. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारलं, "तुह्यी मावशी कधी येऊन राह्यली?"

एका उन्हाळ्यात मात्र मावशी अशी फसली, की तशी फसणारी दुसरी बाई वाशीम जिल्ह्यात नसेल.

गजानन, तिचा मुलगा, लग्नाचा झाला होता. गावातल्या पोरी बाहेर जातात तर बाहेरची एक चांगली आत आणावी, हे तिच्या मनात पक्कं. वाशीमला एका स्पर्धेत मंगरुळपीरकडच्या संघातली एक पोरगी तिनं पाहिली. पाठीवर सात नंबर, वर नाव छापलेलं, 'वैशाली'. काय चढाई, काय वळण! मावशी प्रेक्षकांच्या मागच्या ओळीत होती, तिला फक्त पाठ दिसत होती. पण पाठीवर नाव होतं, आणखी काय पाहिजे? महिन्याभरात तिनं सोयरीक काढली. पाहण्याच्या कार्यक्रमाला गेली, पोरीनं पोहे आणले, मावशीनं सवयीनं खाली पाहिलं. मला नंतर म्हणाली, "घोटा जरा नाजूक वाटला होता मले. पन म्हनलं, बसल्यावर अंदाज येत नाई."

लग्न झालं. हळद उतरली. मावशीनं सुनेला मळ्यात नेलं, लग्नाला आलेल्या आम्हा सगळ्यांना बोलावून एक डाव खेळवला, मग शिट्टी तोंडात धरली आणि म्हणाली, "टाक एक चढाई."

वैशालीनं इकडं तिकडं पाहिलं. म्हणाली, "आई, मी कधी खेळलीच नाई. मी बेंचवर बसत होती."

"अन् ते सात नंबर?"

"ते माह्यी चुलतबहीन. तिची जर्सी फाटली होती, मी माह्यी काढून देली."

मावशीच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. विहिरीच्या कठड्यावर रामकृष्णबाप्पा बसले होते. त्यांना मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "गोबी लावू का आता?"

दुसरी सासू असती तर जन्मभर टोचत राहिली असती. मावशी एक दिवस गप्प होती, तेवढंच. दुसऱ्या दिवशी भाजीच्या जुड्या बांधताना तिनं सुनेला विचारलं, "बेंचवर बसून काय करे तू?"

"पाहत होती."

"काय दिसलं काल? आमच्या पोरी खेळल्या तवा."

वैशाली जरा घाबरत म्हणाली, "ताई कोपऱ्यात लवकर वाकते. समोरचीले समजते का आता हे धरनार." ताई म्हणजे मी. मला राग आला, पण खरं होतं ते. मावशीनं हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "उद्यापासून माह्यापाशी बस." त्या दिवसापासून मैदानाच्या कडेला दोन पाट. एकावर सासू, एकावर सून. सून रेषेच्या आत कधीच आली नाही.

मग ते वर्ष आलं. उन्हाळा लागता लागता मावशीला लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. त्या उन्हाळ्यात लग्नंही फार झाली होती, आणि मावशी अंथरुणावर असल्यामुळं कोणाच्या बोलणीत कबड्डीचा विषय निघाला नव्हता. वाफ्यातल्या पोरी अजून कोवळ्या. मी इंझोरीत बसून मनातल्या मनात संघ मांडत होते आणि दरवेळी तो सहावर थांबत होता. यंदा आपल्याला कोणी न्यायलाही येणार नाही, असं मी धरून चालले होते.

संक्रांतीच्या आधी दारात हाक आली. पाहते तर वैशाली. कडेवर तान्ही पोरगी, हातात पिशवी, पिशवीत वांगी आणि मेथी. म्हणाली, "आईनं पाठवलं. चाल ताई." मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि सासूबाई म्हणाल्या, "रडत काहून बसली? कपडे भर."

स्पर्धा रिसोडला होती. मावशीला ऑटोतून आणून रेषेजवळ खुर्चीत बसवलं, नात मांडीवर दिली. आम्ही सहा जणी वॉर्मअप करत होतो. मावशी आमच्याकडं पाहून उजव्या हाताच्या बोटांवर मोजत होती. पुन्हा पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी सहावर थांबत होती. तिचा चेहरा मला पाहवत नव्हता.

वैशाली तिच्यापुढं उकिडवी बसली. म्हणाली, "आई, मी उतरू का?"

मावशी जड जिभेनं म्हणाली, "साडी बदल."

वैशाली उतरली. आणि समोरच्यांच्या पहिल्याच चढाईत बाद झाली. चढाईला आलेलीनं तिला नुसता हात लावला. प्रेक्षकांत हशा पिकला, कोणीतरी शिट्टी मारली. मी मावशीकडं पाहिलं. ती मैदानाकडं पाहतच नव्हती. तिची मान बाहेर बसलेल्या सुनेकडं वळली होती.

आणि वैशाली बाहेर बसून ओरडत होती. "ताई, वाकू नको! अजून नाई! हे बोनसले येईन, उजवा पाय टाकंन, थांब!" पंचांनी डोळे वटारले. मी थांबले. पाय आला. मी घोटा धरला आणि छातीशी कवटाळून पडले, बाकीच्या पाच जणी वरून पडल्या. समोरची बाद, वैशाली परत आत. मी धुळीतून उठून पाहिलं तर मावशी उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "पाह्यलं? बाद झालेली पाह्य म्हनलं होतं नं मी? ते आपली. म्या आनली तिले. फसून आनली, पन आनली!"

तो सामना आम्ही हरलो. पण सात जणी उतरलो होतो. 'होता' म्हणायची सोय आम्ही कोणालाच ठेवली नाही.

होळीच्या आधी मावशी गेली. निरोप इंझोरीला पोचला आणि मी निघाले, तोवर तिकडं सगळं आटोपलं होतं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि एका परीनं बरंही वाटतं, कारण माझ्याजवळ तिचं शेवटचं दर्शन उरलं ते स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

मी बससाठी निघाले होते. मळ्यात बाज टाकली होती, मावशी उशाला टेकून बसलेली. पुढं गोधडीवर नात रांगत होती. रामकृष्णबाप्पा मैदानाच्या पट्ट्यावर फवारा मारत होते, कोणी न सांगता. मी पाया पडले. मावशीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तोच हात खाली नेऊन नातीचा घोटा धरला. पोरीनं मागं वळून पाहिलं. रडली नाही. पाय ओढला, मावशीनं धरून ठेवला. पुन्हा ओढला. मग तिनं अंग असं वळवलं, ढोपर असं फिरवलं, की घोटा हातातून निसटला आणि ती हसत गोधडीच्या पलीकडं गेली.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही सोडलं तिले."

"मी कायले सोडू व?" ती म्हणाली. वाकडं झालेलं तोंड हसत होतं आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. "सुटली ते!"